पन्नास माणसं काढायची आहेत

मोठ्या बाईंनी एका कानाला चाळीस मिनिटे लावली. एवढे करूनही तो कान वाटत नव्हता, शिंपला वाटत होता. ज्याचा तो कान होता तो माणूस तोवर स्टुलावरून उठून, चपला घालून घरी गेला होता.

चित्रकलेचे सर मागे येऊन उभे राहिले. "बाई, कान मन लावून काढलाय. पण माणूस निसटला."

"अजून पाच मिनिटं बसला असता तर—"

"कुणीच बसत नसतं, बाई. तेच तर शिकायचंय."

सर सव्वीस वर्षांचे होते आणि मोठ्या बाई साठीच्या. चौतीस वर्षे त्या शाळेत होत्या, त्यातली शेवटची बारा मुख्याध्यापिका. नोकरी संपली तरी 'मोठ्या बाई' हे नाव काही निवृत्त झाले नाही. दूधवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे त्यांना तसेच म्हणत. निवृत्तीनंतरचे पहिले वर्ष त्यांनी घर सुधारण्यात घालवले. सुनेच्या सामानाच्या यादीतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनने दुरुस्त केले आणि दाराबाहेरच्या चपला उंचीप्रमाणे लावल्या. शेवटी सूनबाईंनीच वाढदिवसाची भेट म्हणून चित्रकलेच्या वर्गात त्यांचे नाव घातले. "आई, तुम्हाला लहानपणापासून हौस होती ना?" त्या फार गोड आवाजात म्हणाल्या.

हौस होती हे खरेच होते. भीती वाटत होती ती त्यामुळेच. जन्मभर दुसऱ्यांच्या चुका शोधलेल्या माणसाला स्वतःची चूक कागदावर उमटताना बघणे फार जड जाते. त्यात सरांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांची खोडरबरे गोळा करून डब्यात ठेवली होती.

"या आठवड्याचा गृहपाठ," सर म्हणाले. मोठ्या बाईंच्या कानात तो शब्द घुमत राहिला, कारण गृहपाठ द्यायची त्यांना सवय होती, घ्यायची नव्हती. "बाहेर जायचं. अनोळखी माणसं काढायची. प्रत्येकाला दोन मिनिटं, एक सेकंद जास्त नाही. आधी पाठीचा कणा, मग खांदे, मग हातपाय. नाक-डोळे राहिले तर राहू देत. निवडत बसू नका, समोर येईल तो काढा. रविवारपर्यंत पन्नास माणसं."

जिना उतरता उतरता मोठ्या बाईंनी ठरवून टाकले. पन्नास जमली नाहीत, तर रविवारी आपण होऊन वर्ग सोडायचा. नापास झालेल्या मुलांना आपण वर्षानुवर्षे धीर दिला. पण ते नापास होणे दुसऱ्यांचे होते.

सोमवारी त्या बागेत गेल्या. तिथली माणसे तब्येतीसाठी आलेली असल्यामुळे पळत होती. पॅडवर नुसते पाय जमा झाले, तेही जोडीने नव्हेत. मंगळवारी सकाळी सूनबाई म्हणाल्या, "आई, आमच्या लग्नाच्या दाखल्याची एक प्रत हवीय. तुम्ही जाल का ऑफिसात? फक्त तिथे दोन-तीन तास नुसतं बसावं लागतं हो."

"सगळे बसूनच असतात?" मोठ्या बाईंनी विचारले.

"हलत नाही कुणी."

मोठ्या बाई ताबडतोब निघाल्या. हातात पॅड, कानावर पेन्सिल आणि गळ्यात शाळेच्या क्रीडादिनाला वापरायचे ते जुने स्टॉपवॉच.

दाखल्यांच्या ऑफिसात चार खिडक्या होत्या. जन्म, लग्न, मृत्यू, सगळ्यांचे कागद तिथून मिळत. प्रत्यक्ष घडायला लागतो त्याहून कागद मिळायला जास्त वेळ लागे. मोठ्या बाईंना सत्त्याऐंशी नंबरचे टोकन मिळाले. भिंतीवरच्या पाटीवर बारा नंबर चालू होता. त्यांनी खिडक्यांसमोरच्या बाकावर मधली जागा पकडली, एक नंबरच्या खिडकीतल्या कारकुनाकडे रोखून पाहिले, स्टॉपवॉचची कळ दाबली आणि खाली मान घालून भराभरा रेघा ओढल्या. दोन मिनिटे झाली. कळ दाबली. पान उलटले. त्याआधी चित्राखाली सवयीने शेरा लिहिला होता, 'खि. १, अपूर्ण.' मग त्यांनी दोन नंबरकडे मान वळवली.

दाराशी स्टुलावर बसलेला शिपाई हे सगळे बघत होता. तेवीस वर्षांच्या नोकरीत त्याने या हॉलमध्ये लोकांना झोपताना, भांडताना, रडताना पाहिले होते. पण घड्याळ लावून कारकुनांकडे बघत कुणाला लिहिताना पाहिले नव्हते. तो हळूच जवळ आला.

"मॅडम, काय काम होतं आपलं?"

"श्श. वीस सेकंद राहिलीत," मोठ्या बाई मान वर न करता म्हणाल्या. मग कळ दाबून म्हणाल्या, "हं. माणसं काढतेय."

शिपाई एक पाऊल मागे सरला. "माणसं काढताय? म्हणजे… कुणी पाठवलं आपल्याला?"

"सरांनी. रविवारपर्यंत पन्नास काढायची आहेत."

"पन्नास?"

"हो ना. फार होतात, मलाही वाटलं. पण त्यांचं म्हणणं, दोन मिनिटांत एक माणूस काढता आला पाहिजे. विचार करत बसायचं नाही. तुम्ही असेच उभे राहा हं, हलू नका. तुम्हाला आता काढतेच."

शिपाई हलला. आयुष्यात प्रथमच तो साहेबांच्या केबिनकडे धावत गेला.

साहेब बाहेर आले तेव्हा त्यांच्या बुशशर्टाची वरची गुंडी लागलेली होती, जी एरवी फक्त मंत्री आल्यावर लागायची. "नमस्कार, मॅडम. आपण येणार हे आम्हाला कळवलं असतं तर…"

"कळवायचं नसतं. कळलं की लोक सावध होतात, मग काही खरं राहत नाही. तुमची हरकत नाही ना?"

"छे, छे! हरकत कसली?" साहेबांनी रुमालाने मान पुसली. "फक्त, आधी कुणाला काढायचं याचा काही निकष?"

"निकष असा नाही. पण जो सगळ्यात जास्त वेळ एका जागी बसून असतो, त्याला काढणं सोपं."

साहेब अकरा वर्षे एकाच खुर्चीत होते. ते त्या दिवशी पुन्हा खुर्चीत बसले नाहीत.

त्यानंतर जे घडले ते रांगेतल्या लोकांना स्वप्नासारखे वाटले. एक नंबरचा कारकून उभा राहून काम करू लागला. दोन नंबरवाला कपाटाकडे चालत जाण्याऐवजी धावत जाऊ लागला. तीन नंबरच्या खिडकीतल्या बाईंनी दोन्ही हातांनी दोन वेगवेगळ्या कागदांवर शिक्के मारले. शिपाई काही कारण नसताना फायलींचा गठ्ठा घेऊन हॉलच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरत राहिला. पाटीवरचे आकडे असे पळू लागले की चहा प्यायला गेलेले लोक परत येईपर्यंत त्यांचा नंबर होऊन गेलेला असे.

हेल्मेट काखेत धरलेल्या एका गृहस्थांना तर आत आल्यापासून वीस मिनिटांत दाखला मिळाला. ते तो कागद उलटसुलट करून बघत राहिले. काम संपले तरी त्यांचा पाय निघेना.

मोठ्या बाई मात्र रडकुंडीला आल्या होत्या. काढायला घ्यावा तो माणूस दुसऱ्या क्षणी गायब. पॅडवर नुसते तुकडे जमत होते. "अहो, जरा सावकाश!" त्या शेवटी ओरडल्या. "इतकी घाई कसली? मी काय तुम्हाला खाणार आहे?"

हा टोमणा समजून सगळ्यांनी वेग आणखी वाढवला.

फक्त चार नंबरच्या मॅडम होत्या तशाच होत्या. मान खाली, एक खांदा वर, बोट अक्षराखाली. प्रत्येक नाव त्या तीन वेळा वाचत, मगच सही करत. त्यांना घाई करता येत नव्हती असे नाही; करायची नव्हती. 'नाव चुकलं तर माणूस जन्मभर तेच चुकलेलं नाव घेऊन फिरतो,' असे त्या म्हणत आणि साहेबांच्या शिव्या खात. मोठ्या बाईंना हायसे वाटले. त्यांनी मॅडमना पुन्हा पुन्हा काढले. दर वेळी रेघ थोडी कमी घाबरत होती.

दाखल्याची प्रत घेऊन मोठ्या बाई निघाल्या तेव्हा साहेब दारापर्यंत सोडायला आले. "मग, एकंदर कसं वाटलं?"

"बाकीच्यांचं काही खरं नाही," मोठ्या बाई वैतागून म्हणाल्या. "पण त्या चार नंबरच्या मॅडम! त्यांना आज आठ वेळा काढलं. तरी समाधान होईना. उद्या पुन्हा येऊन काढणार आहे."

"आठ वेळा?" साहेबांनी चार नंबरच्या खिडकीकडे वळून पाहिले.

बुधवारी मोठ्या बाई ऑफिस उघडायच्या वेळेलाच हजर झाल्या. चार नंबरच्या खिडकीत एक अनोळखी तरुण बसला होता आणि पायाला मुंग्या चावत असल्यासारखा हलत होता.

"मॅडम कुठे आहेत?"

साहेब हसतमुखाने पुढे आले. "आपल्याला आता त्रास नको. त्यांना काल संध्याकाळी आम्हीच काढलं."

"तुम्ही?" मोठ्या बाईंचा चेहरा उजळला. "अय्या, तुम्हीपण काढता? सांगितलं नाहीत! किती वेळ लागला?"

"दहा मिनिटं."

"दहा म्हणजे फार झाली. दाखवा बघू."

साहेबांनी अदबीने एक कागद पुढे केला. मोठ्या बाईंनी तो आधी उजेडाकडे धरला. त्यावर चित्र नव्हते. 'कामातील अक्षम्य दिरंगाई' असे शब्द होते. चार नंबरच्या मॅडमची तळघरातल्या रेकॉर्ड रूमला बदली केल्याचा तो हुकूम होता, आणि खाली साहेबांची ठसठशीत सही होती.

मोठ्या बाईंनी तो दोनदा वाचला. मग कालचे एकेक वाक्य त्यांना आठवत गेले. माणसं काढतेय. सरांनी पाठवलंय. आठ वेळा काढलं. त्यांनी हुकूम साहेबांच्या हातात परत दिला.

"त्यांना आधी परत बोलवा," त्या म्हणाल्या.

"बोलवतो की! फक्त तसं आपल्याकडून लेखी मिळालं तर…"

तेवढ्यावर सुटका होण्यासारखी होती. चार ओळी खरडायच्या, खाली वाचता न येणारी सही ठोकायची, की मॅडम वर येतील आणि आपल्या चित्रांबद्दल कुणाला काही कळणारही नाही. मोठ्या बाईंनी पेनला हातही लावला. पण खोट्या सह्या आणणाऱ्या मुलांना त्यांनी चौतीस वर्षे दाराबाहेर उभे केले होते. त्यांनी पेन ठेवले आणि पॅड उघडले. हे पॅड त्यांनी सूनबाईंनाही दाखवले नव्हते.

"साहेब, मी कुठलीही अधिकारी नाही. मी चित्रकला शिकतेय. माणसं काढते म्हणजे ही अशी, कागदावर."

साहेबांनी पाने उलटली. एकही माणूस त्यांना दिसला नाही. रेघा वर जात होत्या, खाली येत होत्या, मध्येच संपत होत्या. खाली शेरे होते. 'खि. १, अपूर्ण.' 'खि. ३, तोल नाही.' 'शिपाई, हात नाहीत.' 'साहेब, डोकं नाही.'

साहेबांनी शेवटचा शेरा दोनदा वाचला. "मॅडम, आम्ही इतकेही भोळे नाही. हा कामाचा आलेख आहे."

"अहो, हे तुमचे खांदे आहेत!"

"खांदे असे असतात?"

मोठ्या बाईंना आयुष्यात इतके लाजिरवाणे कधी वाटले नव्हते. आपली चित्रे चित्रे आहेत हे पटवण्यासाठी त्या साऱ्या हॉलसमोर गयावया करत होत्या. शेवटी त्यांनी तो जुना, वर्गाच्या मागच्या बाकापर्यंत जाणारा आवाज लावला. "त्या मॅडमना वर बोलवा. आत्ताच्या आत्ता."

तो आवाज ऐकून शिपाई पळाला. साहेबही कळायच्या आत सावधान उभे राहिले.

चार नंबरच्या मॅडम आल्या त्या केसांवर धूळ घेऊन. मोठ्या बाईंनी न बोलता पॅड त्यांच्या हातात दिले. मॅडमनी चष्मा पुसला आणि प्रत्येक पान, दाखला तपासावा तसे, सावकाश पाहिले. एका पानावर त्यांचे बोट थांबले.

"ही मी आहे," त्या म्हणाल्या.

"कशावरून?" साहेबांनी विचारले.

"हा डावा खांदा. एकोणीस वर्षं रजिस्टरावर वाकून असा वर चढलाय. दुखतो म्हटलं तर घरात कुणाला पटत नाही." त्यांनी मोठ्या बाईंकडे पाहिले. "तुम्हाला बाकावरून दिसला?"

मोठ्या बाईंनी मान डोलावली. चौतीस वर्षांत त्यांना अनेक प्रमाणपत्रे मिळाली होती, पण असे नव्हते.

"एका खांद्यावरून काही सिद्ध होत नाही," साहेब पुटपुटले.

हेल्मेटवाले गृहस्थ आजही आले होते, दुसऱ्या कुणाचे तरी काम घेऊन. ते मागून ओरडले, "मग साहेबांनाच काढा की! आमच्यासमोर!"

एव्हाना घोटाळा काय झाला ते सगळ्या रांगेला कळले होते. हॉलभर आवाज उठला, "साहेबांना काढा! साहेबांना काढा!" कारकूनही त्यात सामील झाले, त्यांच्या आवाजाला अनेक वर्षांची तयारी होती.

मोठ्या बाईंनी स्टॉपवॉच शिपायाच्या हातात दिले. कळ दबली. साहेब समोर तिरके उभे होते, हात मागे, मान पुढे, एक पाय केबिनच्या दिशेने. घाबरायला वेळच नव्हता. मोठ्या बाईंनी मनगट सोडले आणि खांद्यापासून एकच लांब रेघ ओढली, मानेपासून टाचेपर्यंत. मग पोट. मग मागे एकमेकांत अडकवलेली बोटे. कानाचा विचारही त्यांच्या मनात आला नाही.

"संपली वेळ!" शिपाई ओरडला आणि कागदाकडे वाकला. "अरे! साहेबच की हे!"

"पण डोकं कुठाय?" तीन नंबरच्या बाईंनी विचारले.

"डोकं नसलं तरी लगेच कळतंय," एक नंबरचा कारकून म्हणाला. हॉल हसून हसून वाकला.

साहेबांनी कागद हातात घेतला. बराच वेळ बघितला. त्यांच्या ओठांची कड हलली. "मी खरंच असा उभा राहतो? पळून जायच्या तयारीत?"

"काल दिवसभर असेच होता," चार नंबरच्या मॅडम म्हणाल्या.

साहेबांनी बदलीचा हुकूम घेतला, त्याचे चार तुकडे केले आणि खिशात घातले. "मॅडम, जागेवर बसा," ते हळू आवाजात म्हणाले. "आणि वाचा तीन-तीनदा. माझ्याही नावात एकदा चूक झालीय, अजून निस्तरतोय." मग ते मोठ्या बाईंकडे वळले. "हे चित्र… मला मिळेल का?"

"पण त्यात डोकं नाही!"

"असू दे. घरी ओळखतील."

मग शिपायाने आपले मागितले. "त्यात तुमचे हात राहिलेत हो," मोठ्या बाई कळवळून म्हणाल्या. "हात काय, रोजचेच आहेत," शिपाई म्हणाला. "मला कुणी कधी काढलंच नव्हतं." एक नंबरने अपूर्ण चित्र नेले, तीन नंबरने तोल नसलेले. चार नंबरच्या मॅडमनी आठांपैकी एक नीट निवडले. डॉक्टरांना दाखवायचे म्हणाल्या.

त्या आठवड्यात मोठ्या बाई रोज तिथे गेल्या. आता कुणी पळत नव्हते आणि कुणी मुद्दाम थांबतही नव्हते. लोक आपापले काम करत राहत आणि त्या काढत राहत. रांगेतली माणसे पाठीमागून डोकावत. काढून झाले की ज्याचे त्याला देऊन टाकायचे, असा रिवाजच पडून गेला. शेरे लिहायचे त्यांनी गुरुवारीच बंद केले होते.

रविवारी वर्गात सगळ्यांनी आपापली पन्नास चित्रे जमिनीवर मांडली. मोठ्या बाईंच्या पॅडला पुढचा पुठ्ठा होता, मागचा पुठ्ठा होता, मध्ये काहीच नव्हते.

"बाई? गृहपाठ?"

मोठ्या बाई उभ्या राहिल्या. जे सांगायचे होते ते वाक्य त्यांनी आजवर हजारो वेळा ऐकले होते आणि एकदाही खरे मानले नव्हते. आता ते स्वतःच्या तोंडून निघताना त्यांचे कान गरम झाले.

"केला होता, सर. साठ-बासष्ट झाली होती. पण लोकांनी नेला."

वर्गात खसखस पिकली. सर हसले नाहीत. "नेला म्हणजे? मागून?"

"मागून. काहींनी भांडून. मी सांगत होते, नीट नाहीत म्हणून. ऐकेनात."

भिंतीवर सरांची स्वतःची चित्रे लावलेली होती. नीटस, फ्रेम केलेली, वर्ग सुरू झाल्यापासून त्याच खिळ्यांवर असलेली. सरांनी त्या चित्रांकडे एकदा पाहिले.

"बाई," त्यांनी आवाज खाली आणून विचारले, "उद्या मीही येऊ का तुमच्याबरोबर?"

"या की," मोठ्या बाई म्हणाल्या. "पण वेळेवर या. खिडकीसमोरची जागा लवकर जाते."